अकरा आकड्यांची शाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला अकरा आकडी नंबर तुम्ही कधी थांबून वाचलाय? वाचाच. मी वाचला आणि तेव्हापासून घरात, ऑफिसात, कंपनीच्या बसमध्ये जो सापडेल त्याला त्याच्याबद्दल सांगत सुटलेय. बसमधली मंडळी आता मला बघून खिडकीकडे तोंड करून बसतात. म्हणून लिहूनच काढते.

मी कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे. दिवसभर डोळ्यांपुढे जीएसटीचे नंबर. पार्टीचा नंबर २७ ने सुरू झाला की महाराष्ट्र, २९ ने झाला की कर्नाटक. आमच्याकडे दोन्ही रोजचेच, कारण दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी आणि कोगनोळी म्हणजे दुसरं राज्य. तर झालं असं, की कंपनीने सीएसआरमधून शेजारच्या एका गावातल्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांवर नवे पत्रे घालायचं ठरवलं. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमात बसणाऱ्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या यादीत शिक्षण आहेच. साहेब म्हणाले, "मॅडम, पत्र कुणाच्या नावाने काढायचं तेवढं बघून घ्या."

तेवढं! त्या ‘तेवढ्या’त भारताची अख्खी राज्यघटना दडलेली निघाली.

शाळेत गेले तर फलकावर यू-डायस क्रमांक. पहिले दोन आकडे २७. माझा २७! जीएसटीतला महाराष्ट्र इथेही महाराष्ट्रच. पुढचे दोन ३४, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. त्यापुढचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या गावातल्या त्या एका शाळेचे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शाळा. देशातल्या कुठल्याही शाळेचा नंबर घ्या, तो असाच एकेक पायरी उतरत शाळेच्या दारात येतो. आणि गंमत बघा, या नंबरात दिल्लीला एकही आकडा नाही. पण तो नंबर ज्या पोर्टलवर चालतो ते पोर्टल दिल्लीचं, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं. दरवर्षी मुख्याध्यापक त्यात बसून भरतात : मुलं किती, मुली किती, स्वच्छतागृहं किती, त्यातली चालू किती.

एमआयडीसीलाही त्यात आकडा नाही. आमच्या वसाहतीचं पूर्ण नाव कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र. मधली ती आडवी रेघ इतकी वर्षं मला टायपिंगची वाटायची, ती तर तालुक्याची हद्द आहे! रस्ते, पाणी, प्लॉट एमआयडीसीचे, पण कामगाराचं पोर शाळेत जातं ते कसबा सांगावच्या बाजूला राहत असेल तर कागल पंचायत समितीच्या हद्दीत, आणि तळंदगे-पट्टणकोडोलीकडे राहत असेल तर हातकणंगलेच्या. म्हणजे एकाच शिफ्टला, एकाच मशिनवर काम करणाऱ्या दोघांच्या पोरांचे गटशिक्षणाधिकारी वेगवेगळे.

मुख्याध्यापक बाईंनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मी विचारलं, "बाई, ही शाळा नेमकी कुणाची?" त्या हसल्या. "मॅडम, पत्र्याचं विचारताय, का गुरुजींचं, का भाताचं?"

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी त्या खुर्चीला खिळले. इमारत आणि जागा जिल्हा परिषदेची. त्यामुळे पत्र्याला परवानगी तिकडची, अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, अंदाजपत्रक बांधकामवाल्यांकडून. पुस्तक बालभारतीचं, ती १९६७ पासून पुण्यात बसून राज्याची पाठ्यपुस्तकं काढते. ती मुलांना फुकट मिळतात त्यामागे समग्र शिक्षा. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिकचं अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र करून ही योजना झाली, आणि तिच्यात केंद्राचे ६० रुपये तर राज्याचे ४०. नळ ग्रामपंचायतीचा. स्वच्छतागृहाची दुरुस्ती निघाली तर वित्त आयोगाचा पैसा, तोही ग्रामपंचायतीकडून. भिंतीला भिंत लागून असलेली अंगणवाडी? ती शिक्षण खात्याचीच नव्हे! ती महिला व बालविकासची. जूनमध्ये मूल या दारातून त्या दारात जातं आणि त्याचं मंत्रालयच बदलतं.

आता भात. हे ऐकून तर मी बाईंना दोनदा सांगायला लावलं. मधल्या सुट्टीतल्या खिचडीतला तांदूळ अन्न महामंडळाचा, सगळाच्या सगळा केंद्राचा : पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. डाळ, तेल, मीठमसाला यांचा खर्च पुन्हा ६०:४०. शिजवणाऱ्या गावातल्याच मावशी. आणि ही सगळी व्यवस्था उभी आहे ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशावर. योजना १९९५ ची. पण कोरडा शिधा देऊन भागणार नाही, शिजवलेलं अन्न द्या, असं न्यायालयाने बजावलं. एका ताटात दिल्ली, मुंबई, गावातला बचत गट आणि न्यायमूर्ती!

आणि गुरुजी? ऐका तर. शिक्षकाची किमान पात्रता काय, हे ठरवणार दिल्लीची राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. टीईटी आणि अभियोग्यता परीक्षा घेणार पुण्याची राज्य परीक्षा परिषद. उमेदवार निवडला जाणार राज्याच्या पवित्र पोर्टलवरून. नेमणुकीचा आदेश कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा. पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० मानधन. पुढे पगार राज्याच्या तिजोरीतून, बिल शालार्थ प्रणालीतून. आणि गुरुजी किती मिळणार, हे ठरवणारी संचमान्यता पटावरून. केंद्राच्या कायद्याचा हिशेब पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. शाळेत फळ्यापुढे उभा असलेला तो एक साधा माणूस, पण त्याच्या नेमणुकीच्या फाईलवर किती गावांचे शिक्के!

मी घरी येऊन रात्री एकपर्यंत वाचत बसले. नवऱ्याने दोनदा येऊन विचारलं, ऑडिट आहे का म्हणून.

वाचता वाचता पहिला धक्का बसला तो १९७६ चा. तोपर्यंत शिक्षण हा राज्यसूचीतला विषय होता, राज्याचा आणि फक्त राज्याचा. आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि तो उचलून समवर्ती सूचीत, २५ व्या नोंदीत ठेवला. ३ जानेवारी १९७७ पासून शिक्षण दोघांचं झालं. मग ७३ व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींनाही प्राथमिक-माध्यमिक शिक्षण देता येईल असं म्हटलं. मग २००२ मध्ये कलम २१-अ, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा. त्या कायद्यात ७ वं कलम पैशाचं, ८ वं राज्याच्या कर्तव्याचं, ९ वं स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्याचं. एवढं लखलखीत लिहिलंय, की कुणीही बसून वाचावं. आठवीपर्यंत शिकलेल्या कुणालाही कळेल, निदान कळायला हवं.

पण खरी उडी मी मारली ती पुढच्या पानावर. कारण ही वाटणी कशी असावी, हा वाद ज्या माणसाने देशाच्या कायदेमंडळात पहिल्यांदा नेटाने मांडला, तो कागलात वाढलेला!

गोपाळ कृष्ण गोखले. जन्म कोकणातल्या कोतळूकचा, पण वडील कागलला नोकरीला. गोपाळाची अक्षरओळख कागलची, पुढची शाळा कोल्हापूरची. या गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये ब्रिटिशांच्या केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना होता, सरकारच्या मंजुरीने. शिक्षणपट्टी बसवण्याची मुभा होती. आणि खर्च? एक हिस्सा स्थानिक संस्थेचा, दोन हिस्से सरकारचे. म्हणजे आज आपण ज्याला ६०:४० म्हणतो त्या वादाचा कागद त्या माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी टेबलावर ठेवला होता! मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

आणि ते पडल्यावर कुणी करून दाखवलं? पुन्हा कागलच! कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू. त्यांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. बडोद्यात सयाजीरावांनी हे आधी केलं होतं, १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात. तेही सांगायला हवं. पण आम्ही कंपनीच्या बसमधून रोज ज्या कागलला वळसा घालून जातो, तिथे या प्रश्नाची दोन टोकं एकत्र यावीत, एकाने कायदेमंडळात मागावं आणि दुसऱ्याने गादीवरून द्यावं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

थांबा, आडव्या रेघेच्या पलीकडे हातकणंगले तालुका आहे ना? त्यातल्या कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील जन्मले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिसरी वाट! सरकार नव्हे, गादी नव्हे, लोक. आजही आठवीनंतर आपली बरीच पोरं ज्या अनुदानित हायस्कुलात जातात तिथे हाच मेळ आहे : व्यवस्थापन संस्थेचं, पगार सरकारचा, देखरेख जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्याची. कागल-हातकणंगले, आमच्या गेटवरच्या पाटीवर लिहिलेलं नाव, आणि त्याच्या दोन्ही टोकांना ही माणसं.

नुसत्या कायद्याने मूल शाळेत बसतं असं मात्र नाही. तेही कागलनेच लिहून ठेवलंय. आनंद यादवांची ‘झोंबी’ वाचली असेल तर शिकण्यासाठी बापाशी, रानाशी, गरिबीशी झुंजणारं कागलचं ते पोर आठवेल. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

एका रविवारी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि निपाणीला गेले. पूल ओलांडला की नंबर २९. शाळा मराठीच, पोरं मराठीच, पण फलक ‘सरकारी मराठी शाळा’ असा. ‘जिल्हा परिषद’ नाही. शिक्षक थेट राज्याच्या शिक्षण खात्याचे. वर चिक्कोडी नावाचा वेगळा शैक्षणिक जिल्हा आणि त्याचे उपसंचालक. बेळगाव या एका महसुली जिल्ह्याचे शिक्षणासाठी दोन जिल्हे केलेत. मराठी पुस्तकं छापते बेंगळुरूची संस्था. पोरांना क्षीरभाग्य योजनेतलं दूध मिळतं, २०१३ पासून. ताटातला तांदूळ मात्र तोच दिल्लीचा! तासाभराच्या आतल्या अंतरावर दोन शाळा, एक भाषा, आणि जबाबदारीची दोन वेगळी गणितं. नवरा म्हणाला, "झालं का? आता तवंदी घाटात चहा तरी पिऊ." पण मला चहासुद्धा सुचत नव्हता.

न्यू जर्सीतल्या मावसभावाला फोन लावला तर तिकडे तिसरंच. तो घरपट्टीबरोबर शाळेचा कर भरतो. तिथे शाळा चालवणारं बोर्ड लोक निवडून देतात, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. ऐकायला फार छान. पण मग महागड्या घरांच्या गावाची शाळा श्रीमंत आणि पडक्या घरांच्या गावाची गरीब. माझं मत विचाराल तर यात आपलं बरं. गडहिंग्लजच्या गुरुजींची आणि गडचिरोलीच्या गुरुजींची वेतनश्रेणी एकच, गावाची घरपट्टी वसूल होवो न होवो.

सगळं गोड आहे असं म्हणत नाही. आमच्या वसाहतीत एकच जॉब एका प्लॉटवर ओतला जातो, दुसऱ्यावर मशिनिंग होतं, तिसऱ्यावर हीट ट्रीटमेंट. आणि गिऱ्हाइकाने रिजेक्ट केला की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. शाळेचंही तेच होतं. गणवेशाचं उदाहरण घ्या, कापडाच्या गिरण्या असलेल्या आमच्या वसाहतीत ते लगेच कळतं. वर्षानुवर्षं गणवेश शाळा व्यवस्थापन समिती घ्यायची, मुलामागे ६०० रुपयांत दोन जोड, गावातल्या नाहीतर तालुक्याच्या शिंप्याकडून. २०२४-२५ मध्ये राज्याने ते वरून, एकसारख्या कापडाने करायचं ठरवलं. उशीर, मापं, शिलाई यांच्या तक्रारींनी वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षापासून अधिकार पुन्हा समितीकडे. पोराच्या खांद्याचं माप मुंबईहून घेता येत नाही, एवढं कळायला एक शैक्षणिक वर्ष खर्ची पडलं.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून गोंधळ झाला तोही याच वाटणीतला. धोरण केंद्राचं, शासन निर्णय राज्याचा, आणि पहिलीच्या वर्गात उभं राहायचं ते बाईंनी. एप्रिल आणि जूनमध्ये काढलेले दोन्ही निर्णय २९ जूनला मागे घेतले. तिकडे तामिळनाडूने केंद्राच्या पीएमश्री शाळा योजनेवर सही केली नाही म्हणून समग्र शिक्षाचे केंद्राचे पैसे अडकले. समवर्ती सूची म्हणजे दोघांची चूल. लाकडं कुणी द्यायची यावर भांडण झालं की भात पोराचा कच्चा राहतो. आणि शाळेच्या जेवणात आठवड्यातून एकदा द्यायच्या अंड्याचं तर विचारूच नका : २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू केलं, २०२५ च्या जानेवारीत राज्याने निधी काढून घेतला आणि हवं तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. जबाबदारी खाली ढकलायची ती अशी. पैसे मात्र वरच ठेवायचे.

माझा राग आहे तो एवढ्यावरच. मुलाच्या सगळ्यात जवळ आहे ती शाळा व्यवस्थापन समिती, आणि तिच्याच हातात सगळ्यात कमी पैसा. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं. आमच्या कॅन्टीनचं एका आठवड्याचं बिल सांगितलं तर बाई चक्कर येऊन पडतील, म्हणून मी सांगितलं नाही.

पण ही समिती काय चीज आहे, ते मला या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटलं! ७५ टक्के सदस्य पालक. निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक फक्त सचिव. कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि सरकारने अनुदान देताना तो आराखडा आधाराला धरायचा असतो. म्हणजे दिल्लीपासून उतरत आलेली सगळी रांग जिथे संपते, तिथे लेथवर काम करणारा दादा आणि पॅकिंगला असलेली त्याची बायको बसू शकतात. गोखल्यांनी मागितलेला स्थानिक हिस्सा तो हाच. आमच्या पत्र्याचं पत्रसुद्धा शेवटी या समितीच्या ठरावासह गेलं आणि जिल्हा परिषदेची परवानगी आली. पत्रे बसले, पावसाच्या आधी.

आता एक सांगायचं राहिलं, आणि ते वसाहतीतल्या सगळ्यांसाठी आहे, लेबर कॉन्ट्रॅक्टरसकट. ९ व्या कलमात एक ओळ आहे : स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य. ओडिशाहून, बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेल्या आपल्या कामगारांची पोरं, हंगामाला येणाऱ्या ऊसतोड्यांची पोरं, सगळी यात आली. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यावं लागतं, आणि वयाला साजेल त्या वर्गात. मी हे कायद्यात वाचलंय, बाईंनी त्यावर मान डोलावली आहे.

तेव्हा तुमच्या चाळीत, शेजारच्या भाड्याच्या खोलीत सहा ते चौदा वयाचं मूल दिवसभर घरी दिसत असेल, तर शिफ्टची सुट्टी बघून त्याला जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन जा. सप्टेंबर संपायच्या आत न्या. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि शाळेला किती गुरुजी मिळणार हे त्या पटावर ठरतं.